मोठा चेनसॉ घेण्यापूर्वी

पैनगंगेवरील ईसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी अर्धापूरच्या शिवारात खेळू लागल्यापासून केळी आणि हळद या दोन पिकांनी येथील शेतकऱ्याला जसा पैसा मिळवून दिला, तसाच लाकडाशी असलेला त्याचा संबंधही पार बदलून टाकला. हळद काढली की ती शिजवावी लागते, आणि शिजवण्यास जुनी लोखंडी कढई असो वा नव्या धर्तीचा वाफेचा कुकर असो, जळतण लागतेच. म्हणून माघ-फाल्गुनाच्या सुमारास आखाड्या-आखाड्यावर ओंडक्यांचे ढीग रचले जातात. पुढे वैशाखात वळवाचे वादळ सुटले म्हणजे केळीच्या बागांबरोबर बांधावरची जुनी बाभूळ किंवा कडुनिंबही उन्मळून पडतो, आणि तो नेमका वाटेवर, विहिरीवर नाही तर विजेच्या तारेवर आडवा होतो. शिवाय कालव्याच्या कडेने, ओढ्याकाठी आणि पडीत वावरांत वेडी बाभूळ अशी माजते की दोन-तीन पावसाळे दुर्लक्ष झाले तर माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. एके काळी कुऱ्हाडीवर आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर भागणारे हे सारे काम आता पेट्रोलवरच्या चेनसॉने होते. आणि ज्या शेतकऱ्यांनी आधी लहान यंत्र घेतले, ते आता यापेक्षा ताकदीचे कोणते घ्यावे, असे विचारू लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर दुकानाच्या गल्ल्यावर नव्हे, तर स्वतःच्या बांधावर उभे राहून शोधले पाहिजे, अशी माझी ठाम धारणा आहे.

प्रथम हे पाहावे की, आपले जुने यंत्र खरोखरच दुबळे आहे की केवळ त्याची धार गेली आहे. परीक्षा सोपी आहे. यंत्र लाकडात चालत असताना खाली काय पडते त्याकडे लक्ष द्यावे: साखळीला धार असेल तर जाडसर, टप्पोऱ्या ढलप्या पडतात, धार गेली असेल तर बारीक भुसा उडतो, पट्टी तापते, कापताना धूर निघतो आणि चालवणारा आपल्या अंगाचा भार यंत्रावर टाकू लागतो. धारेची साखळी स्वतःहून लाकडात उतरते. तिला दाबावे लागत नाही. बोथट साखळीसह कोणी दुप्पट ताकदीचे यंत्र घेतले तरी त्याला दुप्पट भुसा, दुप्पट धूर आणि दुप्पट पेट्रोलचा खर्च याखेरीज काहीही मिळणार नाही.

आज जगभर जी साखळी वापरली जाते तिच्या दाताची घडण अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने 1947 साली रूढ केली. जळणाचे लाकूड फोडीत असताना एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकडाच्या आडव्या-उभ्या तंतूंतून सारख्याच सहजतेने पोखरीत जाताना त्याने पाहिली, तिचे जबडे निरखले आणि तसाच वक्र दात पोलादात घडवला. या दातास वरची धार असते तशी बाजूचीही धार असते, आणि त्याच्या पुढे एक लहान उंचवटा असतो, जो दात एका वेळी लाकडात किती खोल घुसेल हे ठरवतो. कानस मारताना या तिन्हींचे भान ठेवले पाहिजे. लहान यंत्रांवरच्या बारीक साखळीस 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, मध्यम साखळीस 4.8 मिलिमीटरची, आणि मोठ्या, म्हणजे तीन अष्टमांश इंच मापाच्या साखळीस 5.2 किंवा 5.5 मिलिमीटरची, नेमके माप त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक साखळ्यांस तीस अंशांचा कोन ठेवून आतून बाहेर, प्रत्येक दातावर सारख्याच संख्येने कानस मारावी, आणि चार-पाच वेळा धार लावून झाली की चपट्या कानशीने पुढचा उंचवटाही थोडा उतरवावा; तो धारेच्या पातळीपेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर खाली राहिला पाहिजे. अधिक उतरवल्यास यंत्र लाकडात हिसके देते, आणि मुळीच न उतरवल्यास उत्तम धारेचा दातही नुसता घसरत राहतो. जो शेतकरी किंवा सालगडी हे काम स्वतःच्या हाताने करू शकतो त्याचे लहान यंत्रही शेजाऱ्याच्या मोठ्या यंत्रास मागे टाकते.

धार उत्तम असूनही यंत्र लाकडात गुदमरत असेल, तर मग लाकडाचा विचार करावा. आपल्या भागातील लाकूड एकसारखे नाही. सुबाभूळ आणि निलगिरी ओली असताना मध्यम यंत्राने सहज कापली जातात. कडुनिंबही फारसा त्रास देत नाही. परंतु देशी बाभूळ ही वेगळीच गोष्ट आहे. बैलगाडीची चाके, नांगर, वखर, तिफण ही सारी अवजारे ज्या लाकडाने पिढ्यान्पिढ्या पेलली, ते लाकूड वाळल्यानंतर साखळीची धार बघता बघता खाते. चिंचेचा गाभा तर इतका चिवट की खाटकाचा ओंडका त्याचाच करतात. म्हणून बाभळीचे जळतण करायचे असेल तर लाकूड ओले असतानाच हव्या त्या मापाचे तुकडे करून, फोडून, उन्हात रचून ठेवावे. वाळलेल्या खोडाशी झुंज घेत बसण्यात यंत्राचीही झीज आहे आणि माणसाचीही. बांधावरच्या झाडांत आणखी एक धोका दडलेला असतो. कुंपणाची काटेरी तार किंवा जुना खिळा सालीखाली गाडला जातो आणि वर्षानुवर्षे दिसेनासा होतो. खोडावर काळपट डाग किंवा विचित्र फुगवटा दिसला तर तेथे साखळी लावू नये.

वेडी बाभूळ निराळ्या रीतीने त्रास देते. तिची खोडे सहसा हाताच्या किंवा पोटरीच्या जाडीची असतात. अडचण जाडीची नसून काट्यांची आणि एका बुडातून फुटलेल्या अनेक फांद्यांची असते. येथे जड, लांब पट्टीचे, ताकदवान यंत्र घेऊन शिरणे म्हणजे दमछाक करून घेणे होय. पात्याचा ब्रशकटर आणि चार-साडेचार किलो वजनाचा लहान चेनसॉ हीच या कामाची खरी जोडी आहे. शिवाय हे झाड नुसते कापल्याने मरत नाही. जमिनीलगत कापलेल्या बुडातून पुढच्या पावसाळ्यात दहा नवे फुटवे येतात. मातीत साखळी घालून बूड खणता येत नाही, कारण काळ्या मातीतील वाळूच्या एका कणानेही धार जाते. बूड कुदळीने वा जेसीबीने मुळाच्या गाठीसह उपटून काढावे लागते, आणि ज्याला जमीन खरोखर साफ करायची आहे त्याने मोठ्या चेनसॉसाठी राखलेले पैसे या कामी खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. केळीच्या बागेतही चेनसॉ नेऊ नये. केळीच्या खांबाचे ओले तंतू साखळीत आणि तिला फिरवणाऱ्या दातेरी चाकात गुंतून यंत्र जाम होते. तेथे कोयताच चांगला.

एवढे सारे ध्यानात घेतल्यावरही ज्याच्या शिवारात दीड-दोन फूट जाडीच्या बाभळी, पडलेल्या चिंचा किंवा वठलेले आंबे वरचेवर कापावे लागतात, त्याला मोठे यंत्र हवेच. येथे पहिली सूचना अशी की, नुसत्या सीसीच्या आकड्यावर विसंबू नये. सीसी म्हणजे इंजिनातील पोकळीचे आकारमान. त्या पोकळीतून प्रत्यक्ष किती ताकद निघते हे किलोवॅटमध्ये सांगतात, आणि एक किलोवॅट म्हणजे सुमारे 1.34 अश्वशक्ती. नामांकित कारखान्यांच्या शेतकरी वर्गातील 45 सीसीच्या यंत्रातून साधारण 2.1 ते 2.3 किलोवॅट मिळतात. व्यावसायिक वर्गातील 72 सीसीच्या यंत्रातून 3.6 ते 3.9. उदाहरणच द्यायचे तर श्टीलचे एमएस 250 हे 45.4 सीसीचे आणि 2.3 किलोवॅटचे यंत्र पहिल्या वर्गात बसते, तर त्याच कंपनीचे एमएस 382 हे 72.2 सीसीचे आणि 3.9 किलोवॅटचे यंत्र दुसऱ्या वर्गात. तालुक्याच्या बाजारात 58 सीसीचे आणि 22 इंची पट्टीचे म्हणून जे स्वस्त यंत्र सर्रास विकले जाते, त्याची किलोवॅटमधील ताकद माहितीपुस्तिकेत छापलेली दाखवा, असा आग्रह धरावा. विक्रेत्यास ती दाखवता आली नाही तर त्या आकड्यांस काही अर्थ उरत नाही. लांब पट्टी लावल्याने यंत्र थोर होत नाही, उलट जितकी पट्टी लांब तितके अधिक दात एकाच वेळी लाकडात अडकतात आणि इंजिनावरील ओझे वाढते.

पट्टीची लांबी रोजच्या कामातील खोडाच्या जाडीपेक्षा थोडी अधिक असावी, एवढेच पुरे. 45 ते 50 सीसीस 16 इंच, साठीच्या आसपास 18 ते 20 इंच, आणि सत्तरीच्या वर गेल्यावर 24 इंचांपर्यंत, असा ढोबळ मेळ बसतो. क्वचित येणारे जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येते. त्या एका खोडासाठी वर्षभर लांब पट्टी वागवू नये. साखळीच्या बाबतीत टोकदार कोपऱ्याच्या दातांपेक्षा गोलसर कोपऱ्याच्या दातांची साखळी घ्यावी. मऊ, स्वच्छ लाकडात पहिली अधिक वेगाने चालते हे खरे. पण आपल्याकडच्या धुळीने भरलेल्या सालीत आणि बाभळीच्या कठीण गाभ्यात दुसरीच धार टिकवून धरते.

दुसरी सूचना वजनाविषयी. 45 सीसीचे यंत्र पट्टीविना साडेचार-पाच किलोंचे असते, 72 सीसीचे सहा किलोंहून अधिक. दुकानात दोन मिनिटे उचलून पाहिल्यावर हा फरक जाणवत नाही. चैत्राच्या उन्हात तिसऱ्या तासाला तो खांद्यांत उतरतो, आणि थकलेल्या हातातील ताकदवान यंत्र हे अपघाताला आमंत्रणच असते. म्हणून एका पायरीने वर जावे, दोन पायऱ्यांनी नव्हे. ज्याच्याजवळ 35 सीसीचे यंत्र आहे त्याने 50 ते 60 सीसीचे, 18 इंची पट्टीचे यंत्र घ्यावे आणि जुने लहान यंत्र फांद्या छाटण्यासाठी राखून ठेवावे. सत्तर सीसीच्या वरचे यंत्र त्यालाच शोभते, जो वर्षातून अनेक आठवडे लाकडाचेच काम करतो. ज्याला असे खोड वर्षादोनवर्षांतून एकदाच कापावे लागते, त्याने ते मोठे यंत्र बाळगणाऱ्या कसबी माणसाला रोजाने बोलावून करून घ्यावे; पैसा वाचेल आणि जिवाचा घोरही राहणार नाही.

नांदेडात दुरुस्ती कोण करतो, हे यंत्र घेण्यापूर्वी विचारावे. सुटे भाग मिळणे हा यंत्राच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा गुण आहे; हळदीच्या हंगामात दोरी तुटलेले किंवा तेलपंप बिघडलेले यंत्र पंधरा दिवस दुकानात पडून राहिले, तर त्याच्या किलोवॅटांचा उपयोग काय? इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे की प्लास्टिकचा, हँडलास कंप शोषणाऱ्या स्प्रिंगा वा रबरे आहेत की नाहीत, हवेची गाळणी हत्याराविना उघडता येते की नाही, हेही पाहून घ्यावे. आपल्या उन्हाळ्यातील धूळ गाळणी तासाभरात कोंडून टाकते, आणि सिलिंडरभोवतीच्या पंखांत भुसा साचला की बेचाळीस अंशांच्या उष्म्यात इंजिन थंड होण्याचा मार्गच बंद होतो. दर इंधन-टाकीनंतर पाच मिनिटे यंत्र सावलीत ठेवून हे दोन्ही भाग झटकून घेण्याची शिस्त ठेवावी.

या इंजिनास वेगळे वंगण नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-स्ट्रोक तेल हेच त्याचे सर्वस्व. बहुतेक नव्या यंत्रांस उत्तम तेल असेल तर पन्नासास एक, म्हणजे लिटरमागे 20 मिलिलिटर, हे प्रमाण सांगितलेले असते. साधे तेल असेल तर पंचवीसास एक, म्हणजे लिटरमागे 40. माहितीपुस्तिकेत असेल तेच प्रमाण मापाने घ्यावे, अंदाजाने नव्हे. आता पंपावरील पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. असे पेट्रोल पावसाळाभर टाकीत राहिले तर कार्ब्युरेटरचे पातळ पडदे आणि रबरी नळ्या खराब होतात. आपल्या यंत्रास किती इथेनॉल चालते ते पुस्तिकेत वाचावे, लागेल तेवढेच मिश्रण करावे, आणि मृगापूर्वी टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवून मग ठेवावे. साखळीच्या तेलाच्या जागी ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑइल ओतण्याची वाईट सवय अनेक गावांत आहे. त्या तेलात धातूचे सूक्ष्म कण असतात, ते पंप आणि पट्टी झिजवतात, आणि तेच तेल तुषारांनी माणसाच्या कातडीवर उडते.

आता कायद्याची गोष्ट. झाड आपल्या सातबाऱ्यावरील जमिनीत उभे आहे म्हणून ते तोडण्याची मुभा आपोआप मिळत नाही. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा 1964 चा अधिनियम खासगी जमिनीसही लागू आहे. साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा अशी झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि ती तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक आहे. नगरपंचायतीच्या हद्दीत शहरी भागासाठी असलेला 1975 चा वृक्षसंरक्षण अधिनियम पाहावा लागतो. रस्त्याच्या कडेची झाडे बांधकाम खात्याची आणि कालव्याच्या भरावावरची पाटबंधारे खात्याची असतात. त्यांना हात लावणे हा गुन्हा होय. बांधावरचे झाड दोन खातेदारांच्या मध्ये असेल तर शेजाऱ्याची संमतीही आधी लेखी घ्यावी; कोर्टकचेरीची अनेक प्रकरणे अशाच एखाद्या झाडावरून सुरू झाली आहेत. सातबाऱ्याचा उतारा आणि जागेचा नकाशा जोडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि त्याच वेळी लाकूड गावाबाहेर हलवण्यास वाहतूक परवाना लागेल की काय, हेही विचारून घ्यावे. वादळाने तारेवर पडलेल्या झाडास महावितरणच्या माणसाने पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत कोणीही स्पर्श करू नये.

लातूर जिल्ह्यात वनाखालील क्षेत्र एक टक्काही नाही, आणि 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने तेथे पाणी आणावे लागले, ही गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. म्हणून यंत्र घेणाऱ्याने कोणते झाड तोडायचे याच्याइतकाच कोणते राखायचे याचाही विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर पावसाळ्यात सुगरणीची घरटी असतात. तिच्या फांद्या छाटायच्याच असतील तर ते काम पिल्ले उडून गेल्यावर करावे. जुना कडुनिंब कलला असला तरी तो पडणारच असे नाही. एका बाजूचा भार कमी केला की तो आणखी अनेक वर्षे सावली देतो.

झाड पाडताना ज्या दिशेस पाडायचे तिकडे खोडाच्या सुमारे एक चतुर्थांश खोलीची खाच घ्यावी, मागून कापताना खाचेपेक्षा किंचित वर कापावे, आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची बिजागरी न कापता सोडावी. झाडाला दिशा तीच देते. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी नसावे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला की यंत्र निमिषार्धात चेहऱ्याकडे उसळते. साखळीचा ब्रेक चालतो की नाही हे रोज सकाळी पाहावे, दोन्ही हातांनी यंत्र धरावे, आणि खांद्याच्या वर कधीही कापू नये. धोतर, खांद्यावरचे उपरणे, गळ्यातील रुमाल ही या कामाची वस्त्रे नव्हेत. जाळीची झडप आणि कानपट्ट्या असलेले शिरस्त्राण, घट्ट बूट, हातमोजे, आणि साखळी लागताच तिच्यात तंतू गुंतवून तिला थांबवणारे मांड्यांवरचे संरक्षक कवच हे सर्व यंत्राच्या किमतीतच धरावे. त्यासाठी पैसे उरत नसतील तर एक पायरी लहान यंत्र घ्यावे. ज्या दुकानात यंत्र मिळते तेथेच ही साधने मागावीत, नसतील तर मागवून घ्यावीत, आणि ती हाती येईपर्यंत नवे यंत्र खोक्यातून बाहेर काढू नये.